मते माणसांची की एकरांची?

‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा आपल्या सर्वांच्या कानांवरून गेलेली आहे. पण जमिनीच्या पोटात जे आहे ते कुणाचे, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. मला तो पडला तो पुस्तकामुळे नव्हे, आमच्या विहिरीमुळे. आजोबांनी सुरुंग लावून खोदलेली ती चाळीस फुटांची विहीर. मी दहावीत असताना वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने बोअर घेतले आणि त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीने तळ गाठला. आप्पा त्यांच्याकडे गेले. ते गृहस्थ वाईट नव्हते. चहा पाजून म्हणाले, “आप्पा, मी माझ्या रानात बोअर पाडलं. तुमच्या बांधाला हात तरी लावला का?” आप्पांजवळ उत्तर नव्हते. जुन्या कायद्याजवळही नाही. ठराविक प्रवाहातून न वाहणारे भूमिगत पाणी आपल्या हद्दीत उपसण्याचा हक्क जमीनमालकाला आहे, असे १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा सांगतो. शेजाऱ्याची विहीर आटली तर ते त्याचे नशीब!

यंदा राज्यशास्त्राच्या तासाला मालमत्तेच्या हक्काचा विषय निघाला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने हा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला गेला, हे आपण पाठ केलेलेच आहे. सरांनी ओघात अमेरिकेतील एक वाद सांगितला. तेथील काही राज्यांत जमीनमालकाची इच्छा असो वा नसो, त्याच्या जमिनीखालचा तेल-वायूचा हक्क शेजाऱ्यांच्या हक्कांबरोबर एकत्र करून कंपनीला उपसू देणारे कायदे आहेत. त्यांना ‘फोर्स्ड पूलिंग’, म्हणजे सक्तीचे एकत्रीकरण म्हणतात, आणि अनेक जमीनमालक त्यांच्याविरुद्ध लढत आहेत. वर्गात कुणीतरी म्हणाले, “श्रीमंत देशातल्या श्रीमंतांचं भांडण, आपल्याला काय त्याचं?” मला मात्र आमची विहीर दिसू लागली. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम तेथील व्यवस्था समजून घेऊ. अमेरिकेत खासगी जमिनीचा मालक हा साधारणपणे तिच्या पोटातील खनिजाचाही मालक असतो. हा खनिजहक्क जमिनीपासून वेगळा काढून विकता येतो. त्यामुळे वर राहणारा एक आणि खालचा मालक दुसराच, असेही पुष्कळ ठिकाणी झालेले आहे. १८५९ साली पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे तेलाची विहीर लागली आणि न्यायालयांपुढे पेच उभा राहिला. कोळसा जागेवर राहतो. तेल आणि वायू बांध ओळखत नाहीत. तेव्हा ते कुणाचे? १८८९ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची तुलना वन्य प्राण्यांशी केली. हरीण तुमच्या रानातून शेजारच्या रानात गेले की तुमचे राहत नाही, तसेच हे. जो काढील त्याचे!

या नियमाचा परिणाम व्हायचा तोच झाला. शेजारी आपले तेल ओढून नेण्यापूर्वी आपण त्याचे ओढावे, म्हणून जो तो विहिरी पाडू लागला. १९०१ साली टेक्सासमध्ये स्पिंडलटॉप येथे तेलाचा कारंजा उसळला, आणि पाहता पाहता त्या टेकडीवर लाकडी मनोरे एकमेकांना खेटून उभे राहिले. भूगर्भातील दाब घटला आणि १९०४ पर्यंत तेथील उत्पादन कोसळले. हे वाचताना मला आमच्या पंचक्रोशीतील बोअरच्या गाड्या आठवल्या. दोनशे फुटांना पाणी लागले नाही तर तीनशे, तीनशेला नाही तर पाचशे! ज्याचा पैसा खोल, त्याचे बोअर खोल.

या लुटीवर उपाय म्हणून एकत्रीकरणाचा कायदा आला. ओक्लाहोमा आणि न्यू मेक्सिको या राज्यांनी १९३५ मध्ये तो केला. कल्पना अशी की, एका क्षेत्राचा एक गट ठरवायचा, त्यात एकच विहीर पाडायची आणि उत्पन्न प्रत्येकाच्या क्षेत्राप्रमाणे वाटून द्यायचे. स्वतःची विहीर पाडण्याची ऐपत नसलेल्या लहान मालकालाही वाटा मिळावा, नासाडी थांबावी, हा हेतू. हेतू चांगला होता हे मान्य केले पाहिजे. सक्ती म्हटली की ती वाईटच, असे मी म्हणणार नाही. “माझी जमीन, माझी मर्जी” एवढ्यावर थांबले तर माझ्या आप्पांच्या विहिरीला न्याय मिळत नाही. कारण शेजाऱ्याचे म्हणणेही तेच होते!

मग आज जमीनमालक या कायद्याविरुद्ध का उठले? त्याचे एक कारण असे की काळ बदलला आणि यंत्र बदलले. आता शेल नावाच्या घट्ट खडकातून वायू काढतात. विहीर हजारो फूट खाली जाते, तेथून वळते आणि मैल-दोन मैल आडवी जाते. मग पाणी, वाळू आणि रसायने प्रचंड दाबाने सोडून खडकाला भेगा पाडतात. यालाच फ्रॅकिंग म्हणतात. गट ६४० एकरांचा, कधी त्याच्या दुप्पट. त्यात डझनावारी, कधी शेकडो मालक. शेलमधला वायू पूर्वीच्या तेलासारखा आपण होऊन शेजारी वाहत जात नाही. तो खडक फोडून काढावा लागतो. म्हणजे “शेजारी तुमचे ओढून नेईल, म्हणून कायदा तुमचे रक्षण करतो” हे जुने समर्थन पुष्कळसे लंगडे झाले. कायदा मात्र तोच राहिला.

प्रत्यक्षात घडते ते असे. कंपनीचा माणूस दारोदार फिरून भाडेपट्ट्यावर सह्या घेतो. पुरेशा सह्या झाल्या की कंपनी राज्याच्या आयोगाकडे अर्ज करते, आणि उरलेल्यांचा हक्क आदेशाने गटात ओढला जातो. नकार देणाऱ्यापुढे राज्याराज्याप्रमाणे काही पर्याय ठेवले जातात. एकतर विहिरीच्या खर्चात भागीदार व्हा; पण हा खर्च सामान्य माणसाच्या आवाक्यातला नसतो. नाहीतर ठरवून दिलेली रॉयल्टी घ्या. खर्च न उचलणाऱ्याच्या वाट्यातून त्याच्या हिश्शाचा खर्च तर वळता होतोच, शिवाय जोखमीची भरपाई म्हणून कित्येक ठिकाणी त्याच्या दुपटीएवढी रक्कम कापली जाते. कंपनी बहुधा त्याच्या जमिनीवर पाऊलही ठेवत नाही. शेजारच्या रानातून खाली उतरून आडवी जाते. म्हणजे पुन्हा तेच: “तुमच्या बांधाला हात तरी लावला का?”

या कायद्याला विरोध करणारे सारे एका पंथाचे नाहीत. खासगी मालमत्तेला देवघरात बसवणारे उजवे आणि पाण्या-हवेची काळजी वाहणारे पर्यावरणवादी येथे एका बाकावर बसलेले दिसतात. २०११ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे राज्यपाल टॉम कॉर्बेट हे वायू उद्योगाचे समर्थक असूनही त्यांनी अशा नव्या कायद्याला नकार दिला. खासगी कंपनीच्या हाती भूसंपादनाचा अधिकार देण्यासारखेच हे आहे, असे त्यांचे मत होते. वेस्ट व्हर्जिनियाच्या प्रतिनिधिगृहात २०१५ साली असेच विधेयक ४९ विरुद्ध ४९ अशा समसमान मतांनी पडले. पुढे २०२२ मध्ये मात्र तेथे कायदा झालाच.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. समजा गटातील नव्वद टक्के मालकांना वायू विकायचा आहे. एखाद्या म्हाताऱ्याच्या औषधपाण्याची सोय त्या रॉयल्टीतून होणार आहे. अशा वेळी मधल्या दहा एकरांच्या मालकाने नाही म्हटले, तर सर्वांनी थांबावे काय? शिवाय २०२० मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘जो काढील त्याचे’ हा नियम फ्रॅकिंगच्या विहिरींनाही लागू राहतो असे ठरवले. मात्र शेजाऱ्याच्या जमिनीत प्रत्यक्ष शिरकाव झालेला नसावा. म्हणजे सही न करणारा एकत्रीकरणाबाहेर राहिला, तर कदाचित त्याच्या हाती काहीच लागणार नाही. हे मुद्दे खरे आहेत, आणि विरोधकांनी त्यांना उत्तर दिले पाहिजे.

माझे उत्तर असे. बहुमताने अल्पमताला काही बाबतीत बांधून घ्यावे, याला माझी हरकत नाही. लोकशाहीचा तो पायाच आहे. पण बहुमत कशाचे? वेस्ट व्हर्जिनियाच्या कायद्यात ७५ टक्के संमती हवी, ती खनिजहक्काच्या क्षेत्राची. ओहायोच्या अशाच एका कायद्यात ६५ टक्के, तीही क्षेत्राची. कोलोरॅडोने २०१९ मध्ये कायदा सुधारून ४५ टक्क्यांहून अधिक खनिजहक्काच्या संमतीची अट घातली. म्हणजे तेथे तर निम्मेसुद्धा लागत नाही! सर्वत्र मते मोजली जातात ती एकरांची, माणसांची नव्हे. एकाच बड्या मालकाकडे तीन-चतुर्थांश क्षेत्र असेल, तर त्याची एक सही पुरे. बाकीच्या पन्नास घरांनी नाही म्हटले तरी ते अल्पमत! आणि ज्याचा खनिजहक्क पणजोबांच्या काळीच विकला गेला, पण जो आज तेथे राहतो, ज्याच्या दारावरून रात्रंदिवस ट्रक जाणार, ज्याच्या विहिरीच्या पाण्याची चिंता त्याला आहे, त्याला तर मतच नाही.

आपल्या गावची विविध कार्यकारी सोसायटी पाहा. तिचे दोष आपण सारे जाणतो. पण एक गोष्ट तिच्या कायद्याने बरोबर केली आहे. पन्नास भाग घेणारा बागाईतदार असो की एक भाग घेणारा कोरडवाहू शेतकरी, प्रत्येक सभासदाला एकच मत. भागावर मते मोजणे ही कंपनीची रीत. माणसांवर मोजणे ही सहकाराची. ‘एकत्रीकरण’ हा शब्द सहकारातल्यासारखा गोड आहे. पण त्यातली मोजणी कंपनीची आहे. माझा आक्षेप आहे तो येथे.

कुणी म्हणेल, नुसती डोकी मोजलीत तरी अन्याय होईल. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन तेथे एका तुकड्याच्या खनिजहक्काचे कितीतरी वारस झालेले असतात; ज्याचा वाटा ओंजळभर त्याचे मत शंभर एकरवाल्याएवढे कसे? बरोबर आहे. म्हणून दोन्ही मोजावे, क्षेत्रही आणि माणसेही, आणि दोन्हींत बहुमत असेल तरच सक्ती करावी. जो वर राहतो त्याचे म्हणणे आयोगाने ऐकलेच पाहिजे. आणि ऐपत नाही म्हणून खर्चात न उतरणाऱ्याला दंड नसावा. गरिबी हा काही गुन्हा नव्हे. अगोदर रास्त व न्याय्य देकार दिला नसेल तर अर्जच चालणार नाही, अशी अट तेलासाठी प्रसिद्ध असलेल्या टेक्सासने १९६५ च्या आपल्या कायद्यात घातलेली आहे. मग ती इतरांना जड का जावी? सक्तीचा कायदा पाठीशी असला की कंपनीच्या माणसाचा पहिला नमस्कारदेखील धमकीसारखा ऐकू येतो, हे विसरता कामा नये.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या ४८ व्या कलमाने खनिजांचे हक्क राज्य शासनाकडे राखून ठेवले आहेत. केरळमधील एका खटल्यात २०१३ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, वैध कायद्याने काढून घेतलेला नसेल तर खनिजहक्क सामान्यतः जमीनमालकाकडेच राहतो. पण आमच्या सातबाऱ्यापुरते पाहिले तर सारे शासनाचे. अमेरिकेतील शेतकऱ्याजवळ भांडायला निदान हक्क आहे. आमच्याजवळ भांडणाचे तेवढे साधनही नाही. तेव्हा त्यांच्या भांडणाला हसण्याचे कारण नाही.

आणि पाण्याचे काय? आपल्या विधिमंडळाने २००९ चा भूजल अधिनियम केला, खोल विहिरींवर बंधनाची तरतूद केली. परंतु आमच्या शिवारात बोअरची गाडी अजूनही येते आणि कुणी अडवत नाही. उद्या कदाचित गावाच्या पाण्याचे एकत्रीकरण करण्याची वेळ येईल. माझ्या मते ती यावीच. पण त्या दिवशी ग्रामसभेत पहिला प्रश्न विचारला गेला पाहिजे तो हा, की पाण्याची मते मोजायची कशी? एकरांवर, की घरांवर? तो विचारला गेला नाही, तर ‘बळी तो कान पिळी’ हा जुनाच न्याय कायद्याची टोपी घालून पुन्हा गावात येईल.

आप्पांनी विहिरीतला गाळ दोनदा काढला. पाणी काही परत आले नाही. त्यांना कुणी विचारले असते, तर ते नाही म्हणाले असते असेही नाही. “अर्धं अर्धं घेऊ,” एवढेच म्हणाले असते. पण विचारले कुणी?

— द्वितीय वर्ष, कला शाखा