वासाचा माग

१६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईचं एटीआर ७२ विमान उतरू लागलं. अकोलेकरांना शिवणी विमानतळाची आस आहेच. वऱ्हाडातल्या नव्या प्रवाशांना कळकळीनं सांगतो: विमानात वेगळा वास आला, तर न संकोचता क्रूला सांगा. बहुतेक विमानांत आतली हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून येते. तिथलं सील गळलं, की तेलाची वाफ मिसळून घामट मोज्यांसारखा वास येतो. वायर तापली, तर जळक्या प्लास्टिकचा. तेलाचा वास उड्डाणाच्या वेळी आला की उतरताना, पुढे की मागे, हे कळलं तर इंजिनिअर एकेका इंजिनाची हवा बंद करून दोषी बाजू गाठतो. सील बदलूनही नळ्यांतलं तेल राहिलं, तर वास परततो. लॉगबुकात नुसतं 'वास आला' लिहिणं हा इंजिनिअरवर अन्यायच, कारण जमिनीवर तो वास अनेकदा येतच नाही.