नाव शेवटच्या कडव्यात

गेल्या भीमजयंतीला आम्ही कणकवलीजवळच्या एका वाडीत होतो. गायन पार्टी बाहेरगावची. आवाज खडा, पेटी-ढोलकी झकास. वामनदादा कर्डकांची चार गाणी झाली, पण चारही वेळा गायकाने शेवटचे कडवे गाळून ढोलकीच्या तोड्यावर गाणे उरकले. शेजारच्या मुलाला आम्ही विचारले, "गाणे कोणाचे रे?" तो म्हणाला, "काका, मोबाईलवरचां."

पोराचा काय दोष? कवीचे नाव असते शेवटच्या कडव्यात, आणि तेच कापलेले.

सिनेमाच्या गीतकाराचे नाव पडद्यावर येते, तबकडीवर छापले जाते. वामनदादांनी तीही वाट पाहिली होती. तरुणपणी त्यांनी स्टुडिओंचे उंबरे झिजवले. पुढे १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'मध्ये गदिमांच्या गीतांबरोबर त्यांचेही गीत आले. हा चित्रपट पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. एवढे यश पाठीशी असताना दुसरा कोणी सिनेमातच राहिला असता. दादा मात्र खेड्यापाड्यांतल्या जयंतीच्या मंडपांकडे वळले. बिदागी किती मिळे ते विचारू नये.

१५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म. शाळा नाहीच. मुंबईत कोळशाच्या वखारीत राबले, चिक्की विकली, आईसफ्रूट विकले. एकदा कोणीतरी पत्र वाचून घ्यायला आला आणि दादांना वाचता येईना. ती लाज जिव्हारी लागली. मग अक्षरे गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचायला शिकले. १९४३ मध्ये पहिले गाणे रचले आणि पुढे साठ वर्षे हजारो गाणी. 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे' असे संग्रह निघाले, तरी पुष्कळ गाणी छापलीच गेली नाहीत. १५ मे २००४ ला दादा गेले. (जलशाचे शाहीर भीमराव कर्डक निराळे. आमच्याकडे कार्यकर्तेही दोघांची गल्लत करतात, म्हणून सांगितले.)

आम्ही हिशेबातली माणसे. पावतीवर सही नसेल तर ती आम्ही फाईलला लावत नाही. दादांच्या गाण्याला ना करार, ना नोंद. 'वामन' हे नाव गुंफलेले शेवटचे कडवे हीच त्यांची सही. तुकोबांनीही 'तुका म्हणे' असेच केले. उद्या कीर्तनकाराने ते दोन शब्द गाळले तर गाव गप्प बसेल का?

गायकाला आम्ही कार्यक्रमानंतर विचारले. तो प्रामाणिक होता. म्हणाला, "साहेब, आम्ही कॅसेटवरून पाठ केली. कॅसेटमध्येच एवढी होती." म्हणजे कात्री त्याच्याही आधी कोणीतरी चालवलेली.

आमची आत्या नायगावच्या बीडीडी चाळीत राहायची. मे महिन्यात गावी आली की गाण्यांची वही घेऊन यायची. तिच्याकडून गाणी उतरवून घ्यायला वाडीतल्या बाया कंदिलाशी बसत. ती वही परवा माळ्यावर सापडली. वाळवीने कडा खाल्ल्यात, पण गाणी शाबूत आहेत. प्रत्येक गाण्याचे शेवटचे कडवे पूर्ण आहे आणि 'वामन' खाली लाल पेन्सिलीची रेघ ओढलेली. पोस्टाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून आम्ही तिच्या पाच प्रती काढल्या. एक त्या गायकाला पाठवली आहे. तुमच्या घरी अशी वही असेल तर ती रद्दीत जाण्याआधी आम्हाला कळवा.