साधेपणाचं सोंग

सतराव्या शतकातल्या डच स्त्रियांच्या व्यक्तिचित्रांपुढे उभं राहून ‘किती साध्या होत्या या बायका!’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. काळा पोशाख आणि पांढरी कॉलर दिसली की कलेची पुस्तकं लगेच कॅल्विनपंथी पापभीरूपणाचं प्रमाणपत्र देऊन मोकळी होतात. हे साफ खोटं आहे.

रेम्ब्रांटनं १६३४ मध्ये रंगवलेली ओप्येन कॉपिट नीट बघा. गडद, न विटणारा काळा रंग त्या काळी महाग होता. त्यासाठी कापड पुन्हा पुन्हा रंगात बुडवावं लागे. खांद्यांवरची लेस हातानं विणलेली, तिच्यात कुणा गरीब बाईचे डोळे आणि दिवस गेलेले. गळ्यात मोत्यांचे सर, हातात पिसांचा पंखा. आणि चित्र आदमकद, पूर्णाकृती! अशी चित्रं काढून घेणं ही राजघराण्यांची, सरदारांची रीत. ओप्येन धनिक होती, सरदारीण नव्हे. तिच्या सासऱ्याचा साखर शुद्ध करण्याचा कारखाना होता आणि कच्ची साखर ब्राझीलमधून, गुलामांच्या मळ्यांतून येई. रेम्ब्रांटच्या हातापुढे मी आजही नतमस्तक आहे. पण त्या हातानं रंगवली ती बढाई, विनय नव्हे.

खऱ्या राजघराण्यानं तर सोंगही केलं नाही. ऑरेंज घराण्याची सून मेरी स्टुअर्ट १६६० मध्ये वारली. त्यानंतर काही वर्षांनी आद्रियान हानेमाननं तिचं चित्र रंगवलं. अंगावर चकाकतं सॅटिन, त्यावर पिसांचा झगा, डोक्यावर मोत्यांनी मढवलेलं पागोटं. शेजारी एक कृष्णवर्णीय मुलगा तिच्या मनगटावर मोत्यांचा सर बांधतो आहे. तिचं नाव, कूळ, जन्म-मृत्यूची सालं सगळं नोंदलेलं. तो मात्र नुसता ‘नोकर’. माणसाचं पोर दागिन्यासारखं वापरलं आहे इथे, आणि आपण सॅटिनवरच्या उजेडाचं कौतुक करत बसतो!

हे चित्र हेगच्या मॉरित्सहाउसमध्ये आहे. ती वास्तू ज्यानं बांधली त्या योहान मॉरित्सनं, डच ब्राझीलचा गव्हर्नर असताना, १६३७ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा एल्मिना किल्ला जिंकायला जहाजं धाडली. उसाच्या मळ्यांना गुलाम हवे होते. संग्रहालयाला नाव आजही त्याचंच.

ओप्येन आणि तिच्या नवऱ्याच्या चित्रांसाठी फ्रान्स आणि नेदरलँड्सनं २०१६ मध्ये मिळून १६ कोटी युरो मोजले. मोजू देत. आपल्या कलाशिक्षकांकडे माझी मागणी वेगळी आहे: ही चित्रं शिकवताना छायाप्रकाशाबरोबर साखर शिकवा, एल्मिना शिकवा, तो मुलगा दाखवा. तेवढं जमत नसेल, तर निदान साधेपणा तरी शिकवू नका.