अनुमोदक तात्या

१ मेची सुट्टी म्हणून गावाकडं गेलो आणि सुट्टी ग्रामसभेत गेली. आमचे तात्या गावाकडंच असतात. एकदा म्हैस बघायला नेऊन मला गाडीसकट चिखलात सोडून आले होते. सकाळीच म्हणाले, "चल, सभा बघ. शहरात असलं काय नसतंय तुमच्यात."

नियम थोडक्यात सांगतो. ग्रामसभा म्हणजे गावचे सगळे मतदार. एकूण मतदारांचे १५ टक्के किंवा १००, यांतला कमी आकडा भरला की गणपूर्ती. भरला नाही तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. म्हणजे माणसं नाहीत म्हणून मोडलेली सभा पुढं माणसांवाचून चालते.

आमच्या गावाला शंभर हवे होते. हजेरीच्या वहीत एक्याण्णव सह्यांवर गाडी अडली. ग्रामपंचायतीचे भाऊसाहेब दाराकडं बघत होते, सरपंच मोबाइलकडं. तात्या माझ्या कानाशी लागले, "तू बस की मागं. माणूसच दिसतूयस."

"अहो तात्या, माझं मत कोल्हापुरात आहे."

"मग एवढ्या लांब आलास कशाला?"

सभा तहकूब झाली. चहा मात्र झाला, त्याला गणपूर्ती लागत नाही. घरी काकूंनी विचारलं, "आदल्या दिवशी बायकांची सभा असती म्हणं. झाली व्हय?" तात्यांनी पेपर उघडला.

खरं तर मला लिहायचं होतं गणपूर्तीवर, पण तात्यांनी जेवताना जे सांगितलं ते डोक्यातून जाईना. चाळीस वर्षांत पाणंद रस्ता, विहिरीचा गाळ, स्मशानशेड अशा कितीतरी ठरावांना ते अनुमोदक आहेत. सूचक एकदाही नाहीत. का? "सूचकाला शिव्या पडत्यात. अनुमोदकाचं नाव कोण वाचतंय? आणि काम झालं तर आपण हुतोच की!" तेव्हापासून मी मोजतोय. सोसायटीच्या बैठकीत, लग्नाच्या याद्यांत, ऑफिसात, सगळीकडं अनुमोदकच बसलेत. घरातही रविवारी मटणाचा सूचक मीच व्हायचं आणि तिखट जास्त झालं तर निषेधही माझाच.

पण सूचक उठला की काय होतं, त्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातलं शिरोळ तालुक्याचं हेरवाड आठवा. ४ मे २०२२ ला तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. सूचकही बाई, अनुमोदकही बाई. तेरा दिवसांत, १७ मेला, राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. एरवी परिपत्रक मुंबईहून गावात येतं. हे गावातून मुंबईला गेलं. त्या दिवशी कुणीतरी पहिल्यांदा उठून "मी सूचक" म्हणालं होतं, एवढंच.

हे तात्यांना ऐकवलं. ते म्हणाले, "चांगलं केलं की त्यांनी. माझं अनुमोदन हाय."

आमची तहकूब सभा नंतर एका मंगळवारी झाली. नऊ माणसं होती. सगळे ठराव मंजूर. अनुमोदक, तात्या.