फेसाला कमी लेखू नका!

फेस म्हटलं की आपल्याला हॉस्टेलमधली कपड्यांची बादली आठवते. पण हाच फेस जमिनीखालचं तेल बाहेर काढायलाही मदत करतो!

विहीर खोदली की सगळं तेल वर येतं, हा गैरसमज आहे. जगात सरासरी दोन तृतीयांश तेल खडकाच्या बारीक छिद्रांतच अडकून राहतं. ते पुढे ढकलायला आत गॅस सोडतात. पण गॅस पडला हलका. तो सोपी वाट धरून पळतो आणि तेल जागच्या जागी. गॅसबरोबर साबणासारखा सर्फॅक्टंट सोडला, तर खडकातच फेस होतो, सोपी वाट बंद होते आणि गॅसला तेलाकडे वळावंच लागतं. अमेरिकेत याचं पेटंट १९५८ सालचं. नॉर्वेच्या स्नोरे क्षेत्रात १९९० च्या दशकाच्या अखेरीस याचे मोठे प्रयोग झाले.

मग आपण त्यांची कॉपी मारायची का? नाही! स्नोरेचा खडक वालुकाश्म, तर आपल्या मुंबई हायचा मुख्यतः चुनखडी. तिकडचा सर्फॅक्टंट चुनखडीला चिकटून वाया जाऊ शकतो. शिवाय तेल लागलं की फेस फुटतो, ते वेगळंच.

मुंबई हायमध्ये तेल सापडलं १९७४ साली. आज देश ८० टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो. तेव्हा फायनल इयरवाल्यांनो, सीनियर्सच्या जुन्या प्रोजेक्टला नवं कव्हर घालण्यापेक्षा एका नळीत चुनखडीचा चुरा भरा आणि फेस किती टिकतो ते बघा. आपल्या खडकाचं उत्तर आपल्यालाच शोधावं लागणार.