स्टड तरी नवे घ्या!

गाडी करायची म्हटलं की आपल्या हॉस्टेलात पहिली मीटिंग कशावर होते? गाडीच्या नावावर. दुसरी स्टिकरवर, तिसरी टी-शर्टच्या रंगावर. हबवर मीटिंग झालेली मला तरी आठवत नाही. हब स्क्रॅपमधून येतं, त्याच्यात ठोकलेले स्टडही त्याच्यासोबत येतात, आणि "बसतंय ना? मग झालं!" म्हणून विषय संपतो. आमच्या गाडीचाही असाच संपला होता. तो मैदानावर पुन्हा निघाला.

झालं असं की चाचणीच्या दिवशी उजवीकडे वळताना पुढचं डावं चाक निघालं. गाडी पोटावर घसरत थांबली. ड्रायव्हर बेल्टमध्ये होता, हसतच उतरला. चाक मात्र थांबलं नाही. क्रिकेट खेळणाऱ्या फर्स्ट इयरच्या पोरांच्या मधून ते गेलं आणि कंपाउंडला जाऊन धडकलं. कोणाला लागलं नाही. पुढचे चार दिवस मेसमध्ये त्यावर विनोद चालले, मीही केले. पाचव्या दिवशी तुटलेले स्टड हातात घेऊन बघितले, तेव्हा हसू गेलं. दोघांच्या तुटक्या तोंडावर काठापासून आत सरकत गेलेल्या बारीक वर्तुळाकार रेघा होत्या, ओल्या वाळूवर लाट मागे सरताना उमटतात तशा. तोंडी परीक्षेत ज्याची व्याख्या आपण घडाघडा म्हणतो ते फटीग म्हणजे हेच. म्हणजे हे स्टड त्या वळणावर तुटले नव्हते. ते कितीतरी दिवस तुटत होते आणि आम्ही त्यांना रंग मारत होतो.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी थोडक्यात सांगतो. बेअरिंगवर फिरतो तो हब, हबातून बाहेर आलेले चार खिळे म्हणजे स्टड, त्यांच्यावर चाक चढतं आणि नट आवळले जातात. बहुतेकांना वाटतं की गाडीचं वजन या चार खिळ्यांवर लटकलेलं असतं. तसं नाही. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि चाकाला हबावर दाबून धरतो. चाक धरून ठेवतं ते त्या दाबाने तयार होणारं घर्षण. 12 मिलिमीटरचा स्टड 80 न्यूटन-मीटरने आवळला, तर पुस्तकातल्या नेहमीच्या सूत्राने तीन टनांहून जास्त ताण येतो. चार स्टडचा मिळून तेरा टनांवर. आपली अख्खी गाडी ड्रायव्हरसकट अर्धा टनही भरत नाही. म्हणजे नीट आवळलेल्या चाकाचे स्टड आरामात असतात.

पण नट ढिला झाला की दाब जातो, चाक हलायला लागतं आणि प्रत्येक फेऱ्याला स्टड वाकतो. मारुती 800 चं 12 इंची चाक एका किलोमीटरला सव्वासहाशेच्या आसपास फेरे घेतं. आता तुम्हीच हिशोब करा.

मारुती 800 चं नाव मुद्दाम घेतलं. 2007 मध्ये पीथमपूरला बाहा स्पर्धा सुरू झाल्यापासून किती कॉलेजांच्या गाड्या या गाडीच्या हबवर उभ्या राहिल्या असतील! स्वस्त, हलका, कुठेही मिळणारा. पण 2014 च्या जानेवारीत ही गाडी बनणं बंद झालं. म्हणजे स्क्रॅपमध्ये मिळणारा सगळ्यात तरुण मूळ स्टडसुद्धा दहा वर्षांहून जुना. त्याने किती पंक्चर काढलेत, कोणी पान्यावर उभं राहून तो आवळलाय, कुणास ठाऊक.

यावर उत्तर ठरलेलं असतं: "पुण्या-मुंबईच्या टीमना स्पॉन्सर असतात रे, आपण अंबाजोगाईत आहोत." मान्य. म्हणून मी हब नवा घ्या असं म्हणतच नाही. जुना हब तपासता येतो. डायल गेज लावून फ्लँज डगमगते का बघा, डाय पेनिट्रंट मारून तडे शोधा, बेअरिंग हाताने फिरवून खरखर ऐका. हे सगळं आपल्या वर्कशॉपात होतं. जुना स्टड मात्र किती ताणला गेलाय हे नुसतं बघून कळत नाही. चार चाकांचे सोळा स्टड आणि नट नवे घेतले, तर आपल्या स्टिकर-टी-शर्टच्या खर्चापुढे ती रक्कम काहीच नाही. हे मी खजिनदाराची वही बघून बोलतोय.

नवे घेतानाही डोकं वापरावं लागतं. आटे जुळले म्हणजे झालं नाही. मारुतीचा पिच 1.25, दुसऱ्या बऱ्याच गाड्यांचा 1.5. चुकीचा नट दोन आटे जातो आणि अडतो, मग आपला एखादा पैलवान तो बळजबरीने बसवतो. स्टडच्या मुळाशी जे दाते असतात त्यांचा व्यास हबच्या भोकाला जुळला पाहिजे, नाहीतर नट सोडताना स्टडच गरगर फिरतो. फिरणाऱ्या स्टडला मागून वेल्डिंगचा टाका मारणं हा आपल्याकडचा लाडका इलाज. त्या एका टाक्यात स्टडचं हीट ट्रीटमेंट जातं. आणि "12.9 ग्रेडचाच घेऊ" ही हौसही नको. तो ताकदवान असतो पण कडक, त्यात प्लेटिंग नीट झालेलं नसेल तर अचानक तुटतो. 10.9 पुरे. एखादा जास्तीचा आणून यूटीएमवर ओढून तोडा, दुकानदार खरं बोलला की नाही ते कळेल.

बसवताना हातोडा नको. परळी रोडच्या गॅरेजवाल्या मामांना आम्ही हातोडीने ठोकलेला हब दाखवला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "लेकरांनो, स्टड बसला, बेअरिंग मेलं." प्रेसवर, फ्लँजला खालून आधार देऊन दाबायचा. नट आवळताना आट्यांना तेल लावायचं नाही, कारण घर्षण कमी झालं की त्याच टॉर्कला ताण दीडपटीपर्यंत जातो. आणि थोडं फिरवून आणल्यावर पुन्हा एकदा टॉर्क रेंच लावायचा. रेंच मागितला तर मिळतो. आम्ही मागितलाच नव्हता.

मोठ्यांचंही होतं असं. 2021 ला मोनॅकोत बोटासच्या मर्सिडीजचा नट पिटमध्ये गोल झाला, चाक निघेचना आणि शर्यत तिथेच संपली. पण त्यांचं चाक गाडीलाच राहिलं होतं.

आमचे तुटलेले स्टड मशीन शॉपच्या खिडकीत ठेवलेत. या वर्षी गाडी करणाऱ्यांनी जाऊन बघावेत. रेघा उजेडाकडे धरल्यावर दिसतात.