चोच कंपनीची, आवाज गर्बरचा

२०१४ सालची गोष्ट. ऑगस्ट महिना, माझं बारावीचं वर्ष, आणि क्लास बुडवून आम्ही चौघं 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी' बघायला गेलो होतो. मार्व्हलचा पिक्चर संपला की लगेच उठायचं नसतं, हे तोवर आम्हाला कळलं होतं. त्यामुळे दिवे लागले, लोक गेले, झाडू मारणारे काका "निघा की आता" अशा नजरेनं बघायला लागले, तरी आम्ही ढिम्म. आणि एवढं थांबून पडद्यावर आलं काय, तर एक बदक! फुटक्या काचेच्या पेटीत बसून ग्लासातलं काहीतरी पीत, वैतागून बोलणारं बदक. आमच्यातला एक म्हणाला, "हा कोण, डोनाल्ड डकचा चुलतभाऊ?" आम्ही खो खो हसलो आणि बाहेर जाऊन वडापाव खाल्ला.

हाच विनोद डिस्नेच्या वकिलांनी सत्तरच्या दशकात अगदी गंभीरपणे केला होता, हे मला फार नंतर कळलं :)

तर त्या बदकाचं नाव हॉवर्ड. हॉवर्ड द डक. गेल्या काही वर्षांत त्याच्या चाहत्यांना परत उधाण आलंय. १९८६ चा तो बदनाम सिनेमा रात्री जागून एकत्र बघायचा, त्यातल्या रबरी बदकावर हसायचं, "इतका वाईट की मस्त" म्हणायचं, मार्व्हलच्या नव्या पिक्चरमध्ये तो दोन सेकंद दिसला की शिट्ट्या मारायच्या. माझी काही तक्रार नाही, मीही शिट्टी मारलीय. पण या सगळ्या जल्लोषात एक नाव फार कमी ऐकू येतं, आणि ते म्हणजे स्टीव्ह गर्बर. आजचा हा लेख त्या नावासाठी.

आधी थोडा इतिहास (कंटाळा येणार नाही, कारण इतिहासच वेडगळ आहे). डिसेंबर १९७३ ची तारीख असलेल्या 'ॲडव्हेंचर इन्टू फिअर'च्या १९ व्या अंकात हा हॉवर्ड पहिल्यांदा आला. लेखक गर्बर, चित्रकार व्हॅल मेयरिक. फ्लोरिडाच्या दलदलीत राहणाऱ्या मॅन-थिंग नावाच्या चिखलराक्षसाची ती गोष्ट. वेगवेगळी विश्वं एकमेकांत कोसळतायत, आणि झुडपातून बाहेर येतं कोण, तर सिगार ओढणारं बदक. लगेच पुढच्या भागात गर्बरनं त्याला अंतराळाच्या पोकळीत पाडूनही टाकलं. विषय संपला! पण वाचक काही गप्प बसेनात, तेव्हा त्याला परत आणावं लागलं. १९७६ साली हॉवर्डचं स्वतःचं मासिक निघालं.

बदक राहायला कुठे, तर क्लीव्हलंडमध्ये. म्हणजे न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींवरून उड्या मारणं वगैरे भानगडच नाही. पहिल्याच अंकात हा बिचारा जीव द्यायला म्हणून नदीवर जातो, आणि तिथे त्याला क्रेडिट कार्डांचा मनोरा दिसतो! त्या मनोऱ्याचा मालक एक जादूगार हिशेबनीस. पुढे डोक्याच्या जागी घंटा असलेला डॉक्टर बाँग हा खलनायक. १९७६ मध्ये फोर्ड विरुद्ध कार्टर अशी खरी निवडणूक चालू असताना गर्बरनं हॉवर्डला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं केलं, त्याचे बिल्लेही निघाले. एका अंकाची डेडलाइन चुकली (आपल्यातलाच माणूस!) तर गर्बरनं कथेऐवजी चित्रांसोबत स्वतःची अडचण मांडणारा लांबलचक मजकूरच छापून टाकला.

वाचताना लक्षात येतं की इथे बदक हा विनोद नाहीच. बदक हा त्या जगातला एकमेव शहाणा प्राणी आहे, आणि विनोद बाकीच्या जगाचा आहे. जाहिराती, पुढारी, कुंग फूची फॅशन, उधारीवर जगणं, या सगळ्याकडे बघून तो फक्त चिडतो. त्याच्याकडे कुठलीही शक्ती नाही. सोमवारी सकाळच्या स्टेटस मीटिंगला कधी बसला असाल, तर हॉवर्ड तुम्हाला लगेच कळेल.

इथून गोष्ट वाईट होते. १९७८ मध्ये गर्बर आणि मार्व्हल यांचं फिसकटलं. आधी वर्तमानपत्रात येणारी हॉवर्डची पट्टी त्याच्याकडून गेली, मग मासिकही गेलं. १९८० मध्ये गर्बरनं कोर्टात दावा लावला: हॉवर्ड माझा. यातली कायद्याची मेख आपल्या धंद्यातल्या लोकांनी समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेचा नवा कॉपीराइट कायदा १९७८ च्या जानेवारीपासून लागू झाला, आणि 'हे काम कंपनीसाठी केलेलं आहे, हक्क कंपनीचे' अशा कागदावर बाहेरच्या लेखक-चित्रकारांच्या सह्या घेणं सुरू झालं. त्याआधी हक्कांचा मजकूर बऱ्याचदा चेकच्या पाठीवर छापलेला असे. म्हणजे पैसे हवेत तर त्या मजकुराखाली सही कर! हॉवर्ड तर १९७३ चा, या गोंधळाच्या काळातला.

वकिलाचे पैसे उभे करायला १९८२ मध्ये 'डिस्ट्रॉयर डक' नावाचं कॉमिक निघालं. लिहिलं गर्बरनं, आणि चित्रं काढली जॅक कर्बीनं. हो, तोच कर्बी, स्टॅन ली बरोबर हल्क, थॉर आणि एक्स-मेन उभे करणारा. त्यानं हे काम फुकट केलं. त्याच अंकात सर्जिओ आरागोनेसचा 'ग्रू' वाचकांना पहिल्यांदा भेटला, आणि ग्रूचे हक्क आरागोनेसनं कायम स्वतःकडेच ठेवले. एकाच अंकात धडा आणि त्याचं उत्तर दोन्ही.

त्याच वर्षी तडजोड झाली. हॉवर्ड मार्व्हलकडेच राहिला.

मध्यंतरी डिस्नेची तक्रार आली होती की हे बदक आमच्या डोनाल्डसारखं दिसतं. उपाय काय निघाला, तर हॉवर्डला विजार घालायची. डोनाल्ड जन्मभर विजारीशिवाय हिंडतोय, म्हणून याच्या अंगावर विजार हा फरक! रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये याहून विनोदी ओळ मी तरी वाचलेली नाही.

आता सिनेमा. १९८६, दिग्दर्शक विलर्ड हायक, निर्माती ग्लोरिया कॅट्झ, वर कार्यकारी निर्माता म्हणून जॉर्ज लुकस. खर्च सुमारे ३.७ कोटी डॉलर, अमेरिकेतली कमाई सुमारे १.६ कोटी. सर्वात वाईट चित्रपटाचा रॅझी पुरस्कार त्याला विभागून मिळाला. चाहत्यांमध्ये एक कथा फार प्रिय आहे: हा सिनेमा आपटला म्हणून लुकसला पिक्सार विकावी लागली. ऐकायला झकास, पण तारखा जुळत नाहीत. लुकसनं तो संगणक-विभाग स्टीव्ह जॉब्सला विकला फेब्रुवारी १९८६ मध्ये, आणि सिनेमा लागला ऑगस्टमध्ये. लुकसची पैशांची तंगी १९८३ च्या घटस्फोटापासूनची होती. बग कुठे आहे ते शोधायच्या आधी टाइमस्टँप बघावा, एवढं तर आपल्याला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात शिकवतात :)

मी तो सिनेमा दोनदा बघितलाय. वाईट आहे, पण रबरी मुखवट्यामुळे नाही. ली थॉम्पसन जीव तोडून काम करते, शेवटचा राक्षस तर अजूनही बघण्यासारखा आहे. वाईट अशासाठी की त्यांनी बदक घेतलं आणि त्याचा वैताग तिथेच सोडून दिला. पडद्यावरचा हॉवर्ड हा एक बुटका, गोड, जग वाचवणारा हीरो आहे. बदक असण्यावरचे विनोद भरपूर, पण जगावरचे जवळजवळ नाहीतच.

इथे माझी एक छोटी गोष्ट सांगतो. पहिल्या नोकरीत रात्रपाळीला लॉग चाळून चाळून डोळे फुटायची वेळ आली, म्हणून मी दोन वीकेंड घालवून एक स्क्रिप्ट लिहिली. चालली. टीममध्ये पसरली, मग दुसऱ्या टीममध्ये गेली. वर्षभरानं एका मोठ्या मीटिंगमध्ये ती 'आमचं टूल' म्हणून पडद्यावर झळकली, आणि फाइलच्या डोक्यावरची माझ्या नावाची ओळ गायब होती. रुजू होताना मी कागदावर सही केली होती, त्यामुळे कायद्यानं ती माझी नव्हतीच. पगार मिळाला होता. भांडायला काही मुद्दाच नव्हता, आणि तरीही त्या रात्री मला झोप आली नाही. मालकी गेल्याचं दुःख नव्हतं हो. ओळ पुसली त्याचं होतं.

म्हणून गर्बरनं १९९६ मध्ये जे केलं ते वाचून मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. मार्व्हलनं त्याला एका स्पायडरमॅन अंकात हॉवर्ड लिहायला बोलावलं. त्याच सुमारास तो इमेज या दुसऱ्या प्रकाशनासाठी डिस्ट्रॉयर डकची एक गोष्ट लिहीत होता. दोन्हींत एकच अंधारं गोदाम, एकच मारामारी, आणि हॉवर्डच्या ढीगभर हुबेहूब नकला. मार्व्हलच्या अंकात स्पायडरमॅन एका हॉवर्डला घेऊन बाहेर पडतो. इमेजच्या अंकात कळतं की तो तर नक्कल होता! खरा हॉवर्ड आणि त्याची मैत्रीण बेव्हर्ली इकडच्या दारानं सटकले, नाव बदलून 'लेनर्ड' झाले आणि मोकळे झाले. आपल्या भाषेत सांगायचं तर गडी रेपॉझिटरी फोर्क करून निघून गेला, आणि मूळ मालकाकडे बॅकअप ठेवून गेला. कायद्याच्या दृष्टीनं याला शून्य किंमत. पण वाचकाच्या दृष्टीनं?

गर्बर २००२ मध्ये मार्व्हलसाठी एकदा परत हॉवर्डवर आला, सहा अंकांसाठी. त्यात त्यानं बदकाला काही काळ चक्क उंदीर करून टाकलं. कोणता उंदीर ते सांगायला नको. २००८ च्या फेब्रुवारीत गर्बर गेला, साठाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी डिस्नेनं मार्व्हल विकत घेतली. पिक्सार २००६ मध्येच घेतली होती, लुकसफिल्म २०१२ मध्ये घेतली. बदकाला विजार घालायला लावणारे आता बदकाचेही मालक, आणि त्याच्यावर सिनेमा काढणाऱ्या कंपनीचेही. गर्बरनं ही कथा लिहिली असती, तर संपादक म्हणाला असता, जरा अती होतंय.

आता उलट बाजूही सांगायला हवी. "गर्बरशिवाय हॉवर्ड नाहीच" असं मी म्हणत नाही. बदकाला रूप दिलं मेयरिकनं, पुढे फ्रँक ब्रनर आणि जीन कोलन यांनी त्याला चेहरा दिला. २०१५ मध्ये चिप झ्डार्स्की आणि जो किन्योनेस यांनी त्याला खाजगी गुप्तहेर केलं, आणि ते अंक खरंच छान आहेत. का छान? कारण त्यांनी चोच नाही, वैताग उचलला. याउलट २०१९ मध्ये ज्या कार्टून मालिकेची घोषणा झाली, ती २०२० च्या जानेवारीत रद्द झाली, आणि सिनेमांत हॉवर्ड अजून पार्टीतल्या पाहुण्यासारखा येऊन जातो. ओळखीचा चेहरा, एक वाक्य, निघाला.

माझं म्हणणं एवढंच आहे. मालकी हा कोर्टाचा विषय, तो १९८२ मध्ये संपला. श्रेय हा आपला, म्हणजे वाचक-प्रेक्षकांचा विषय आहे, आणि तो कुठल्याही तडजोडीनं संपत नाही. त्याला वकील लागत नाही, पैसे लागत नाहीत. पुढच्या वेळी मित्रांना जमवून तो १९८६ चा सिनेमा लावाल, तेव्हा खुशाल हसा. फक्त त्याआधी १९७६ चा पहिला अंक, तो क्रेडिट कार्डांच्या मनोऱ्याचा, कुणाच्या तरी हातात द्या आणि सांगा की हे स्टीव्ह गर्बरनं लिहिलंय.

बाकी, ती स्क्रिप्ट अजून चालते म्हणे. परवा एका जुन्या सहकाऱ्यानं सांगितलं, त्यानं परत वरती एक ओळ टाकलीय. माझं नाव, आणि शेजारी एक बदक :)

असो. चहा गार झाला. भेटू पुढच्या शनिवारी.